कठडा कोणाच्या खर्चाने?

लखनौ हे उंच शहर नव्हे. हुसैनाबादचा घंटाघर २२१ फूट, रूमी दरवाजा साठेक फूट, आणि बड्या इमामबाड्याचे तुळईविना तोललेले प्रसिद्ध छत जमिनीपासून पन्नासेक फूट. शहीद पथाच्या कडेने आणि गोमतीनगर विस्तारात अलीकडे मनोरे उभे राहिले आहेत. पण शहराचा खरा पसारा इंदिरानगर, आलमबाग, अलीगंज, राजाजीपुरम, जानकीपुरम अशा वस्त्यांचा, म्हणजे दोन ते चार मजल्यांच्या घरांचा आहे. उंचावरच्या कामाच्या सुरक्षिततेचा आढावा घ्यायला मुंबई सोडून इकडे येण्याचे कारण हेच. या प्रश्नाची चर्चा आपण नेहमी गगनचुंबी इमारतीपासून सुरू करतो, आणि मग उत्तरेही तिथलीच सुचतात: हार्नेस, क्रेन, सेफ्टी ऑफिसर, सकाळची सुरक्षा-शपथ. माणसे मात्र वीस-पंचवीस फुटांवरून पडूनही मरतात. अमेरिकेत पडण्याच्या अपघातांची उंचीनिहाय नोंद होते; तिथेही बांधकामावरचे बहुतेक जीवघेणे पडणे तीस फुटांच्या आतले असते. वीस फूट म्हणजे लखनौच्या कुठल्याही गल्लीतला दुसऱ्या मजल्याचा स्लॅब.

आपल्याकडे अशी नोंद नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात ‘उंचावरून पडणे’ हा रकाना आहे. पण त्यात परांचीवरून पडलेला गवंडी, झाडावरून पडलेला शेतकरी आणि पतंगाच्या मागे गच्चीवरून पडलेला मुलगा एकत्र मोजले जातात. (दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, जमघटला, अख्खे लखनौ पतंग घेऊन गच्च्यांवर असते. त्यातल्या किती गच्च्यांना कठडा आहे, हा याच लेखाचा विषय आहे असे म्हटले तरी चालेल.) कारखान्यांतल्या अपघातांचे आकडे ज्या केंद्रीय महासंचालनालयाकडे जमतात त्याचा कारभार आपल्या मुंबईतल्या शीवहून चालत आला, आणि त्याची उत्तर प्रदेशातली प्रादेशिक श्रम संस्था कानपूरला आहे. पण ते आकडे नोंदणीकृत कारखान्यांपुरते. गल्लीतल्या घरावर पडलेला माणूस ट्रॉमा सेंटरला पोचतो तेव्हा तो फक्त ‘पडून जखमी’ असतो. कोणाच्या कामावर पडला, हे विचारणारा रकाना कोणत्याच कागदावर नसतो.

ही माणसे सीतापूर, बाराबंकी, हरदोई, बहराइचकडून येतात. छत्तीसगडमधून बायकामुलांसह आलेलीही बरीच. सकाळी चौकाचौकांत लेबर अड्डा भरतो, आपल्या कामगार नाक्यासारखाच. अवधातली आणि पूर्वांचलातली अशीच माणसे पुष्पक एक्स्प्रेसने मुंबईला उतरतात आणि ठाण्या-पुण्याच्या परांच्यांवर चढतात, तेव्हा हा दूरच्या शहराचा प्रश्न म्हणून वाचायचे कारण नाही.

पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली परांची. बांबू किंवा निलगिरीच्या बल्ल्या, सुतळी नाही तर नायलॉनची दोरी, आणि भिंतीत ठेवलेल्या भोकांतून खुपसलेले आडवे तुकडे. बांबूला नावे ठेवण्याची रीत पडली आहे, पण बांबूचा दोष फार नाही. हाँगकाँगने पिढ्यानुपिढ्या बांबूच्या परांचीवर मनोरे बांधले. घात करते ती फळी. सेंट्रिंगच्या सामानातून उरलेली एकच फळी, टोकांना न बांधलेली. गवंडी गिलावा करत करत आधाराच्या पलीकडे सरकतो आणि फळीचे मागचे टोक उचलले जाते. पाठीशी कठडा नसतो, वर यायला शिडी नसते, बल्लीला धरूनच चढायचे असते. फळ्या दोन-तीन, शेजारी शेजारी, आणि दोरीने बांधलेल्या असल्या तर यातले बरेचसे टळते. हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत आहे. फळ्या ठेकेदाराच्या असतात आणि त्याला त्या दुसऱ्या साईटवरही लागतात.

दुसरी जागा म्हणजे स्लॅबची उघडी कड, तिच्या जोडीला जिन्याची पोकळी आणि प्लायवुडच्या तुकड्याने झाकलेली डक्ट. इथे घर बांधण्याच्या क्रमातच एक गोम आहे. गच्चीचा कठडा आपण शेवटी बांधतो. पाण्याची टाकी चढवणे, वॉटरप्रूफिंग, बाहेरच्या गिलाव्यासाठी वरून माल सोडणे, ही कडेवरची सगळी कामे होऊन जातात आणि मग कठडा येतो, घरात राहायला येणाऱ्यांसाठी. लखनौत तर पुष्कळदा तोही येत नाही. पुढेमागे वरचा मजला चढवायचा म्हणून खांबांच्या सळया आकाशाकडे काढून ठेवलेल्या असतात, आणि मजला चढणार तर कठडा कशाला, असा हिशेब. मजला दहा वर्षे चढत नाही. चार विटांचा कठडा स्लॅबनंतर लगेच उभा केला तर त्यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही, फक्त क्रम बदलावा लागतो. या सगळ्या विषयात इतका स्वस्त उपाय दुसरा नाही आणि त्याविषयी कोणी बोलतही नाही.

तिसरी जागा सिमेंटचे पत्रे. तालकटोरा, अमौसी, चिनहट या औद्योगिक वसाहतींत शेडवरचे पत्रे बदलायला, गळती बुजवायला, पावसाळ्याआधी पन्हळी साफ करायला माणूस चढतो. जुना पत्रा बघायला धड असतो आणि पायाखाली सरळ फुटतो. जाणता माणूस बोल्टच्या रांगेवरून चालतो, कारण खाली कैची किंवा पर्लिन असते. नवखा मधून जातो. पत्र्यावर रुंद फळ्या टाकून त्यांवरूनच वावरायचे, एवढा साधा नियम आहे. कारखाना अधिनियमाचे कलम ३२ पडण्याचा धोका असलेल्या उंचीवरच्या कामाला कठडा किंवा अन्य बंदोबस्त मागत आले. पण हे काम कारखान्याचा कामगार करत नाही, तासा-दोन तासांसाठी बाहेरून बोलावलेला माणूस करतो, आणि त्याच्यासाठी कोणी फळी आणत नाही.

याशिवाय, पायाखालची जागाच जाणे हा एक प्रकार आहे. ११ जानेवारी २०२५ रोजी कन्नौज स्थानकाच्या नव्या इमारतीचे काँक्रीट ओतत असताना सेंट्रिंग कोसळले आणि २८ कामगारांना ढिगाऱ्यातून काढावे लागले. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकूमच्या चाळीस मजली इमारतीत कामगारांना घेऊन येणारी लिफ्ट कोसळून सात जण गेले; पाचच दिवसांनी ग्रेटर नोएडात तसाच अपघात होऊन किमान आठ गेले. इथे पट्टाही कामाचा नाही आणि कठडाही नाही. ही अभियांत्रिकीची आणि देखभालीची बाब आहे, तिचा वेगळा विचार हवा. या लेखात ती एवढ्यावर सोडतो.

आता पट्ट्याकडे. अपघात झाला की बातमीत एक वाक्य हमखास असते: कामगाराने सेफ्टी बेल्ट लावला नव्हता. हे वाक्य लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते की पुष्कळ ठिकाणी तो लावला असता तरी फरक पडला नसता.

दोन मीटरवरून पडलेला माणूस ताशी साडेबावीस किलोमीटर वेगाने जमिनीला लागतो, सहा मीटरवरून पडलेला ताशी एकोणचाळीसने, आणि त्या सहा मीटरांना लागतो सव्वा सेकंदाहूनही कमी वेळ. हार्नेसची दोरी साधारण १.८ मीटर. ती ताणली गेल्यावर झटका शोषणारी घडी उलगडते, तिला मीटरभर किंवा त्याहून जास्त अंतर लागते. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. वर सुरक्षित अंतर म्हणून एक मीटर. बेरीज साडेपाच-सहा मीटर, म्हणजे अठरा ते वीस फूट, हुक जिथे अडकवला तिथपासून खाली. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर, दहा फुटांवर, पायापाशी हुक अडकवून काम करणारा माणूस पडला तर दोरी ताणली जाण्याच्या सुमाराला तो जमिनीवर पोचलेला असतो. दुसऱ्या मजल्यावर कदाचित वाचेल. हुक डोक्यावर अडकवता आला तर हिशेब बराच सुधारतो, पण बांधकामाच्या सगळ्यात वरच्या स्लॅबवर डोक्यावर आकाश असते.

जपानने २०२२ पासून पूर्ण अंगाचा हार्नेस सक्तीचा केला, तेव्हा ६.७५ मीटरची रेघ आखली. त्याखाली जिथे माणूस जमिनीला आपटण्याची भीती आहे तिथे दुसरा प्रकार चालतो. म्हणजे हार्नेसची मर्यादा तिथल्या नियमातच लिहिलेली आहे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत मात्र अजून कमरेचा साधा पट्टाही सेफ्टी बेल्ट म्हणून विकला जातो. पडणे थोपवण्यासाठी तो वापरायला अमेरिकेने १९९८ पासून बंदी घातली, कारण सगळा झटका पोटावर येतो आणि माणूस त्यातून निसटूही शकतो.

मग हुक कशाला अडकवायचा? नियमांतला अंदाज असा की पडणाऱ्याला थोपवताना अंगावर सहा किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे सहाशे किलोच्या वजनाइतका ओढा येऊ शकतो. अमेरिकी नियम म्हणून आधाराची जागा सव्वादोन टन पेलणारी मागतो. सुतळीने बांधलेल्या बल्लीला हुक अडकवणारा माणूस पडताना परांचीही बरोबर आणतो. आणि समजा सगळे नीट झाले, माणूस दोरीला लटकला. त्याला काही मिनिटांत खाली घेतले पाहिजे, नाहीतर पायांत रक्त साकळून जीव धोक्यात येतो. चौक या मोहल्ल्याच्या गल्ल्यांत, जिथे रिक्षा वळत नाही, अग्निशामक दलाची शिडी कशी येणार?

बायकांचा तर विचारच झालेला नाही. साडी नेसून घमेले वाहणाऱ्या बाईने मांड्यांवरून जाणारे पट्टे कसे बांधायचे, हे कुठल्याही सुरक्षा पत्रकात नसते. चित्रात नेहमी पँटीतला पुरुष असतो.

हार्नेस निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. मेट्रोच्या खांबावर, मनोऱ्याच्या बाहेरच्या अंगाला, पोलादी सांगाड्यावर त्याला पर्याय नाही. पण तो शेवटचा उपाय आहे आणि आपण त्याला पहिला केला. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांनी क्रम स्पष्ट लावला: आधी बघा की उंचावर न चढता काम होते का, नाही झाले तर माणूस पडणारच नाही अशी जागा करा, तेही जमले नाही तर पडल्यावर इजा कमी होईल ते बघा. त्याच नियमांनी ‘दोन मीटरच्या वरचे काम’ ही जुनी रेघही पुसून टाकली, कारण दोन मीटरच्या खालीही माणसे मरत होती. कठडा आणि जाळी सगळ्यांना वाचवतात, जागरूक असणाऱ्यालाही आणि दुपारी डुलकी येणाऱ्यालाही. पट्टा एकालाच वाचवतो, त्याने दर वेळी हुक काढून पुन्हा लावला तर.

याचे जुने उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे. गोल्डन गेट पूल बांधताना मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी १९३६ मध्ये पुलाखाली १,३०,००० डॉलरची जाळी अंथरली. तिच्यात पडून १९ जण वाचले. १७ फेब्रुवारी १९३७ ला एक अवजड पाळणा तुटून जाळीसकट खाली गेला आणि दहा जण मेले, हेही सांगितले पाहिजे. तरी त्या जाळीचा खर्च पुलाच्या हिशेबात होता, कामगारांच्या पगारातून किंवा शहाणपणातून तो निघणार नव्हता.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम १९९६ चा, त्याचे केंद्रीय नियम १९९८ चे. परांची आणि शिड्यांसाठी भारतीय मानक ३६९६ आहे, राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा सातवा भाग बांधकामाचे व्यवस्थापन, पद्धती आणि सुरक्षितता यांचा आहे. मला स्वतःला यात सगळ्यात वाचनीय वाटते ती केंद्रीय लोकनिर्माण विभागाची सुरक्षा संहिता. तीत लिहिले आहे की शिडीवरून काम करायचे असेल तर शिडी धरायला एक जादा मजूर लावावा, शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या पाव अंतरावर असावा, परांची ३.६ मीटरच्या वर गेली की ९० सेंटिमीटरचा कठडा पाहिजे. अमूर्त काही नाही. वाचून कोणालाही करता येईल. तो जादा मजूर मात्र खाजगी कामावर कोणी पाहिला असेल असे वाटत नाही, कारण दिवसभर शिडी धरून उभ्या राहिलेल्या माणसाची मजुरी देणे मालकाला पैसे उधळल्यासारखे वाटते.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाना अधिनियम व बांधकाम कामगार अधिनियम व्यावसायिक सुरक्षा संहितेत विरघळले. जुने नियम संक्रमणाच्या काळापुरते चालू ठेवले गेले. एक सुधारणा खरी आहे: बांधकामावर सेफ्टी ऑफिसर पूर्वी ५०० कामगारांना लागे, आता २५० ना. पण कायदा लागू व्हायला किमान दहा कामगार हवेत, हा उंबरठा कायम राहिला, आणि स्वतःच्या राहत्या घरासाठी पूर्वी दहा लाखांपर्यंतच्या बांधकामाला असलेली सूट पन्नास लाखांवर गेली. आलमबागच्या गल्लीतले दुमजली घर त्यात सहज बसते. म्हणजे जिथे धोका पसरलेला आहे, तिथून कायदा आणखी एक पाऊल मागे आला.

लखनौमध्ये नियमांत बांधलेले काम आणि नियमांबाहेरचे काम, या दोन्ही टोकांचे दर्शन एकाच रस्त्यावर होते. मेट्रोची उत्तर-दक्षिण मार्गिका, विमानतळ ते मुन्शीपुलिया, २२.८७ किलोमीटर, २०१४ मध्ये सुरू होऊन मार्च २०१९ मध्ये पूर्ण झाली. तिला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचे ४५ कोटी युरोंचे कर्ज होते, आणि अशा कर्जाबरोबर कामगारांच्या सुरक्षेच्या अटी कंत्राटात उतरतात. चारबाग ते वसंतकुंज या पुढच्या ११ किलोमीटरच्या टप्प्याला ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तिथेही जाळ्या, कठडे, दुहेरी दोरीचे हार्नेस अपेक्षित आहेत. त्या मार्गाच्या दोन्ही अंगांना, अमीनाबाद-चौकाच्या गल्ल्यांत, त्याच वेळी कोणी ना कोणी एका फळीवर उभा राहून छज्जा दुरुस्त करत असेल.

विजेच्या खांबावरच्या माणसाची गोष्ट आणखी निराळी. लखनौची वीज मध्यांचल विद्युत वितरण निगम बघतो. खांबावर चढणाऱ्यांत मोठा वाटा कंत्राटी, तिथल्या भाषेत संविदा लाइनमनचा. इथे पडणे हा पहिला अपघात नसतो, शॉक हा पहिला. झटक्याने हात सुटतो आणि मग खांबाची उंची काम पुरे करते. उपकेंद्रातून शटडाउन घेतलेला असतो, तरी कुणाच्या घरचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीच्या जोडणीमुळे उलटी वीज सोडतो, किंवा फोनवर घेतलेला शटडाउन दुसऱ्याच फीडरचा निघतो. म्हणून पट्ट्याआधी लागते ती लेखी परवानगी आणि दोन्ही बाजूंनी अर्थिंग. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांत हे आहे. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो आणि त्याच दिवशी लाइनमन दिवसही साजरा होतो, महावितरणमध्येसुद्धा. हार घालून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारायला हरकत नाही: बकेट असलेली गाडी किती उपकेंद्रांना आहे? गाडीच्या बकेटमध्ये उभा राहणारा माणूस खांबाला मिठी मारत नाही, आणि हीच ‘चढणे टाळा’ या पहिल्या पायरीची अंमलबजावणी आहे.

नवे धंदेही चढू लागले आहेत. ५ जून २०२३ ला इकाना स्टेडियमजवळचे होर्डिंग गाडीवर कोसळून मायलेकी गेल्या, आणि १३ मे २०२४ ला घाटकोपरला सतरा जण. दोन्ही वेळी होर्डिंगच्या परवान्यांवर आणि पायावर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्या सांगाड्यांवर फ्लेक्स बदलायला रात्री चढणारी पोरे कोण असतात, त्यांना वर जायला शिडी आणि उभे राहायला कठड्याची पट्टी आहे का, हे परवाना देताना विचारता येते आणि विचारले जात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली तेव्हापासून उत्तर प्रदेशात छतावरच्या सौर पॅनेलमध्ये लखनौ आघाडीवर आहे. बसवणारे दोन-तीन तरुण, हातात सहा-सात फूट लांबीचे पॅनेल, वाऱ्यात शिडासारखे फुगणारे, आणि छताची कड. एसीचे बाहेरचे युनिट लावणारा तर खिडकीतून बाहेर पडून छज्ज्यावर उभा राहतो. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्याला दिवसाला जितकी घरे जास्त तितके पैसे जास्त. ही माणसे बांधकाम कामगार म्हणूनही मोजली जात नाहीत, ती ‘सर्व्हिस’मध्ये येतात.

इथे एक महाराष्ट्रीय विषयांतर. दहीहंडीच्या थरांवरून आपण वर्षानुवर्षे कोर्टात भांडलो. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती राखली, २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचे बंधन काढून वयाची अट चौदा वर्षांवर आणली. एका दिवसाच्या उत्सवातल्या वीस फुटांवर इतके कायदेपंडित खर्ची पडले, याला माझी हरकत नाही. पण उरलेले ३६४ दिवस वीस फुटांवर उभ्या असणाऱ्या गवंड्यासाठी तितका आवेश कोणी दाखवल्याचे आठवत नाही.

शेवटी पैसा. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन कामगार कल्याण मंडळे चालतात. १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक जमा झाले आणि त्यांतले सुमारे ९,५०० कोटीच कामी लागले. त्याआधी काही राज्यांत या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचेही न्यायालयासमोर आले होते. महाराष्ट्राच्या मंडळाने कामगारांना सुरक्षा संच वाटले. त्यात हेल्मेट, बूट, हातमोजे यांबरोबर हार्नेसही असतो. हेल्मेट आणि बूट अंगावर येतात. हार्नेस घरी पेटीत राहतो, आणि त्यात कामगाराचा काही दोष नाही, कारण तो अडकवायची जागा साईटवर नसते आणि ती निर्माण करणे त्याच्या हातात नसते. सरकारने व्यक्तीला देता येणारी वस्तू दिली, जागेला द्यायची वस्तू दिली नाही.

माणूस मेल्यावरचा हिशेबही पाहावा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, इमारतीचे काम धोक्याच्या यादीत घेताना उंची मोजली: एकाहून जास्त मजले, किंवा छताच्या टोकापर्यंत बारा फूट. मसुदाकारांना बारा फूट पुरेसे वाटले, हे ध्यानात घ्यावे. त्या कायद्याच्या कोष्टकाने तीस वर्षांच्या माणसासाठी, पंधरा हजारांची वेतनमर्यादा धरून, भरपाई येते सुमारे १५ लाख ६० हजार. पण मूळ मालकाला जबाबदार धरणारे कलम त्याच्या धंद्यासाठी दिलेल्या कंत्राटाला लागते. स्वतःचे घर बांधणे हा कोणाचा धंदा नसतो. उरतो ठेकेदार, जो कालपर्यंत स्वतः मिस्त्री होता आणि ज्याच्याकडे देण्यासारखे काही नसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा नोंदला गेला तर बहुधा याच माणसावर. नाहीतर काही रोख रक्कम, रुग्णवाहिकेचे भाडे, आणि गावाकडचा रस्ता.

ठेकेदार वाईट असतो असे समजून लिहिणे सोपे आहे. त्याचे गणित बघा. घराचे काम चौरस फुटाच्या दराने ठरते, मजुरी आणि परांची त्यातच. शेजारचा ठेकेदार दर पाडून उभा असतो. दोन आडव्या बल्ल्यांचा कठडा आणि आणखी दोन फळ्या हा जो खर्च आहे, तो त्याच्या नफ्यातूनच जातो, आणि मालकाला तो दिसतही नाही. सरकारी कामात हे वेगळे आहे: केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या दरसूचीत बाहेरच्या बाजूच्या कपलॉक परांचीची स्वतंत्र बाब आहे, तिचे मोजमाप होते आणि तिचे पैसे मिळतात. पैसे मिळतात म्हणून परांची लागते. खाजगी कामातही परांची आणि कठडा दराबाहेर काढून अंदाजपत्रकात वेगळी ओळ झाली, तर ठेकेदारांची चढाओढ त्या ओळीला खाणार नाही. वास्तुविशारद आणि इंजिनीअर हे उद्यापासून करू शकतात, त्यासाठी कोणत्याही संहितेची वाट पाहायला नको.

सरकारचा हात प्रत्येक घराला एकदाच लागतो, नकाशा मंजूर होताना. उपकरही तिथेच वसूल होतो. कठड्याची अट घालायची तर तीच जागा. पण उत्तर प्रदेशच्या २०२५ च्या नव्या बांधकाम उपविधींनी १०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या घराला नकाशा मंजुरीतून मोकळे केले, नोंदणी पुरेशी ठरवली. लाचखोरीला त्रासलेल्या सामान्य माणसाच्या दृष्टीने हा निर्णय चांगलाच आहे. मात्र त्यामुळे छोट्या घरापाशी सरकार थांबण्याचा तो एक मुक्कामही गेला. उरला नोंदणीचा अर्ज. परांची कोण बांधणार, तिचे पैसे कोण देणार, गच्चीचा कठडा स्लॅबनंतर किती दिवसांत होणार, हे तीन प्रश्न त्या अर्जात मावतील.

आणि सामान कुठून यायचे? लखनौच्या प्रत्येक मोहल्ल्यात, जसे आपल्या प्रत्येक तालुक्यात, सेंट्रिंगचे सामान भाड्याने देणारे दुकान असते. लोखंडी प्लेटा, जॅक, बल्ल्या रोजच्या दराने नेतात, आणून देतात, मोडल्यास भरून देतात. कल्याण मंडळाने हार्नेसच्या खरेदीतला काही भाग या दुकानांना कठड्याचे पाईप, क्लॅम्प आणि रुंद फळ्या पुरवण्यात घातला, आणि नोंदणीकृत कामगार असलेल्या साईटला त्या निम्म्या भाड्याने मिळाल्या, तर मिस्त्री त्या नेईल. तो इतर सामानासाठी त्या दुकानात जातोच, आणि दुकानदारालाही भाडे येणारी वस्तू ठेवायला अडचण नसावी.